भावनांची वाढ : पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत



आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात येणारे पालक मुलाच्या अभ्यासाविषयी आवर्जून विचारतात. गणितात कच्चा आहे का, इंग्रजी वाचता येते का, टक्के किती पडतील, हे सारे विचारतात. मुलाचा राग, भीती, लाज, माया यांची वाढ कशी चालली आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. शरीर वाढते तसे मनही वाढते, आणि त्या वाढीलाही खतपाणी लागते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

याची जाणीव आम्हालाही उशिराच झाली. काही वर्षांपूर्वी बारावीचा निकाल लागला आणि अभ्यासिकेत रोज सर्वांच्या आधी येऊन बसणारा एक मुलगा नापास झाला. तीन आठवडे तो घराबाहेर पडला नाही. घरचे म्हणत, "एवढा मोठा झालास आणि रडतोस काय?" आम्ही त्याच्याकडे गेलो तेही उपदेश घेऊनच. पुन्हा फॉर्म भर, नेटाने अभ्यास कर, असे सांगत राहिलो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाला, "सर, पेपर परत देता येईल. पण वस्तीतून चालताना मान वर होत नाही." त्याची अडचण अभ्यासाची नव्हती, लाजेची होती. आम्ही औषध भलत्याच दुखण्यावर देत होतो. प्रस्तुत लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

भावना म्हणजे काय?

रस्त्याने जाताना कुत्रा अंगावर धावून आला तर काय होते ते पाहा. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, तळहाताला घाम येतो. अधिवृक्क ग्रंथीतून अॅड्रेनलिन रक्तात मिसळते व शरीर पळण्यासाठी किंवा तोंड देण्यासाठी सज्ज होते. त्याच वेळी मनाला 'भीती वाटते' असा अनुभव येतो, आणि आपण पळतो, ओरडतो किंवा दगड उचलतो. म्हणजे भावनेची तीन अंगे झाली : शरीरातील बदल, मनाचा अनुभव आणि वागणे. पहिल्या अंगावर आपला ताबा फारसा नसतो. तिसऱ्यावर मात्र तो मिळवता येतो. कुत्र्याला पाहून छाती धडधडणे मोठ्या माणसालाही चुकत नाही, पण पळायचे की उभे राहायचे हे तो ठरवू शकतो.

भावनांच्या वाढीमागे दोन गोष्टी असतात. एक परिपक्वन, म्हणजे वयाप्रमाणे मेंदूची व शरीराची आपोआप होणारी वाढ. दुसरी अध्ययन, म्हणजे अनुभवातून शिकणे. पहिली गोष्ट निसर्गाची आहे. दुसरी घराची, शाळेची आणि समाजाची आहे. या लेखाचा सारा भर दुसरीवर आहे, कारण जे शिकून आलेले असते ते बदलताही येते.

पहिली दोन वर्षे

उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनला १८३९ साली पहिला मुलगा झाला. त्याचे रडणे, हसणे, रागावणे, घाबरणे यांच्या नोंदी डार्विन ठेवत गेला आणि १८७७ साली त्या निबंधरूपाने प्रसिद्ध झाल्या. स्वतःच्या मुलाकडे इतक्या बारकाईने पाहणारा हा बाप होता. बालमनाच्या अभ्यासातले हे एक आरंभीचे पाऊल होय.

पुढे १९३२ साली कॅथरीन ब्रिजेस या बाईंनी माँट्रियल येथील अनाथ बालकांच्या रुग्णालयात ६२ बालकांचे निरीक्षण केले. त्यांच्या मते, नवजात बालकाजवळ सुरुवातीला केवळ एक ढोबळ खळबळ असते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तिला दोन फांद्या फुटतात, एक सुखाची व दुसरी त्रासाची. सहा महिन्यांपर्यंत त्रासाच्या फांदीतून राग, किळस व भीती वेगळ्या होतात. वर्षाच्या सुमारास सुखाच्या फांदीतून माया दिसू लागते. दीड वर्षाच्या आसपास मत्सर येतो. धाकटे भावंड आले की थोरले आईच्या मांडीवर हक्क सांगू लागते, ते याच सुमाराचे. ब्रिजेसबाईंनी दिलेले महिन्यांचे वेळापत्रक नंतरच्या संशोधकांनी जसेच्या तसे मान्य केलेले नाही. तरीही ढोबळ भावनेतून हळूहळू नेमक्या भावना वेगळ्या होत जातात, हे त्यांचे मुख्य म्हणणे पालकांना आजही उपयोगी पडते.

घरातल्या बायकांना यातील पुष्कळसे पुस्तकाशिवाय माहीत असते. दीड-दोन महिन्यांचे बाळ माणसाचा चेहरा पाहून हसू लागते. सात-आठ महिन्यांचे झाले की परक्या माणसाने घेताच भोकाड पसरते. पाहुणे म्हणतात, 'फार रडवे आहे तुमचे पोर.' वास्तविक बाळ आता आपले कोण आणि परके कोण हे ओळखू लागले आहे. ही प्रगतीची खूण आहे, हट्टाची नव्हे.

या वयात माया किती महत्त्वाची असते? अमेरिकेतील हॅरी हार्लो या शास्त्रज्ञाने १९५८ साली माकडाच्या पिलांवरील आपले प्रयोग मांडले. पिलांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या होत्या. एक तारेची, जिच्यापाशी दुधाची बाटली होती, आणि दुसरी मऊ कापडाची. पिले दूध तारेच्या आईकडे पीत, पण दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. बालकाला अन्नाइतकीच ऊबही हवी असते, हे यावरून दिसून आले. मजुरीवरून थकून आलेल्या आईने पोराला पाच मिनिटे छातीशी धरले तर तो वेळ वाया गेला असे कोणी समजू नये.

मूल आपल्या भावना मोठ्यांच्या चेहऱ्यावरूनही शिकते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक वर्षाच्या बालकांना जाड काचेवर सोडले. काचेखाली एका बाजूला खोलगट भाग दिसत होता. पलीकडे आई उभी होती. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बालके काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती.

भीती शिकवली जाते आणि घालवताही येते

१९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन व रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या अकरा महिन्यांच्या बालकावर एक प्रयोग केला. अल्बर्टला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. तो उंदराला हात लावू लागला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करीत. असे काही वेळा केल्यावर नुसता उंदीर पाहूनही अल्बर्ट रडू लागला. पुढे तो सशाला, कुत्र्याला व केसाळ कोटालाही भिऊ लागला. यालाच अभिसंधान म्हणतात. आज असा प्रयोग करण्यास कोणी परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे.

पण हाच प्रयोग आपण घरोघरी करीत असतो! "जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल", "पोलीस धरून नेईल", "डॉक्टर सुई टोचील", "मास्तरांना नाव सांगते." मग तेच मूल दवाखान्यात पाय ठेवत नाही, मास्तरांना शंका विचारत नाही आणि मोठेपणी सरकारी कचेरीच्या दारात त्याचे पाय लटपटतात. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या भिऊन वागायला लावले गेले, त्या समाजाने तरी आपल्या मुलांना भीतीचे शिक्षण घरी देऊ नये.

समाधानाची गोष्ट अशी की, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी याच्या उलट करून दाखविले. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला फार भीत असे. त्याला आवडीचे खाणे देताना ससा दूर ठेवला जाई आणि दिवसेंदिवस थोडा जवळ आणला जाई. न भिणारी मुलेही त्याच्याबरोबर असत. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. यात कोठेही मार नव्हता आणि 'भित्रा' असे हिणवणेही नव्हते. सोबत, धीर आणि एकेक पायरी, एवढेच साधन होते. अंधाराला, गणिताला किंवा सभेत बोलण्याला भिणाऱ्या मुलालाही हाच मार्ग लागू आहे.

लाज, अपराधभाव आणि अभिमान

दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मूल आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे ओळखू लागते. 'मी' समजल्यावरच 'लोक मला काय म्हणतील' हे समजते. म्हणून लाज, अपराधभाव व अभिमान या भावना राग व भीती यांच्यानंतर येतात.

लाज आणि अपराधभाव यांत एक मोठा फरक आहे. अपराधभाव म्हणतो, 'मी वाईट वागलो.' लाज म्हणते, 'मीच वाईट आहे.' वाईट वागलेला माणूस चूक दुरुस्त करू शकतो. जो स्वतःलाच वाईट समजतो तो तोंड लपवतो किंवा दुसऱ्यावर चिडतो. म्हणून मुलाला "तू खोटारडाच आहेस" असे न म्हणता "तू हे खोटे बोललास" असे म्हणावे. एका शब्दाचा फरक आहे, पण मूल तो आयुष्यभर बाळगते.

याच वयात आपण भावनांची मुलगे व मुली अशी वाटणीही करून टाकतो. "मुलगा असून रडतोस?" आणि "मुलीच्या जातीला एवढा राग शोभत नाही." परिणामी मुलाचे दुःख रागाच्या वाटेने बाहेर पडते, आणि मुलीचा न्याय्य राग रडण्यात विरतो. दोघांचेही नुकसानच होते.

लादलेल्या लाजेचे काय करायचे, याचे उत्तर पूज्य बाबासाहेबांच्या जीवनात सापडते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव इतर मुलांसह सातारहून वडिलांना भेटायला निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक पालटली. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडी मुलांनाच हाकावी लागली. जवळ जेवण होते, पण पाणी मिळाले नाही आणि मुलांना रात्र तशीच काढावी लागली. पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर बडोद्यास त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सुमारे अठरा वर्षांनंतर ही आठवण लिहितानाही आपल्या डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नमूद केले आहे.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एवढा मोठा माणूस आपले अश्रू लपवीत नाही. दुसरी, त्या अपमानाचे 'मीच हलका आहे' या लाजेत रूपांतर होऊ न देता 'ही व्यवस्था अन्यायाची आहे' असा विचार त्यांनी केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह त्यांनी प्राशन केले. एका प्रवासातील तहानेमुळेच महाड घडले, असे म्हणणे फार सोपे होईल. त्यामागे अभ्यास, संघटना आणि अनेकांचे कष्ट होते. पण भावना तीच राहूनही तिची दिशा बदलू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्यापाशी नाही.

किशोरवय आणि तारुण्य

स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली किशोरवयाला वादळाचा काळ म्हटले. त्यानंतरच्या अभ्यासात असे दिसले की वादळ सर्वांच्याच वाट्याला येते असे नाही, आणि घर व समाज यांवर ते पुष्कळ अवलंबून असते. परंतु त्याला शरीराचाही आधार आहे. भावना जागवणारे मेंदूचे भाग या वयात जोरात काम करतात. पुढचा-मागचा विचार करून लगाम घालणारा कपाळामागील भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत वाढत राहतो. गाडीला वेग आला आहे आणि ब्रेक अजून पुरा बसलेला नाही, अशी ही स्थिती असते.

म्हणून या वयात मित्रांनी हसलेले फार लागते, प्रेमातील नकार म्हणजे आयुष्य संपले असे वाटते, आणि निकालाचा कागद हा स्वतःच्या किमतीचा दाखला वाटतो. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी मुलाला होणारे दुःख खरे असते. 'आमच्या वेळी असले काही नव्हते' असे म्हणून ते कमी होत नाही. ज्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा वारंवार येतो, त्याला एकटे सोडू नये. 'टेली-मानस' ही मोफत शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो प्रत्येक अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

प्रौढपण आणि वार्धक्य

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतील मध्यम वयाच्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो, मी पुढच्या पिढीसाठी काही करतो आहे की नाही? स्वतःच्या मुलांशिवाय दुसऱ्यांच्या मुलांचीही काळजी वाटणे ही प्रौढ मनाची खूण होय. आपल्या संस्थेसारख्या संस्था याच भावनेवर चालतात. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो. जगलो ते बरे जगलो असे वाटले तर समाधान, नाही तर निराशा.

म्हातारपण म्हणजे नुसती किरकिर, असा आपला समज आहे. तो पुरता खरा नाही. लॉरा कार्स्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ ते ९४ वयाच्या १८४ लोकांच्या भावना आठवडाभर, दिवसातून पाच वेळा नोंदवून घेतल्या. राग, दुःख, चिंता यांसारख्या भावनांची वारंवारता साठीपर्यंत कमी होत गेलेली आढळली. आनंदाची वारंवारता मात्र वयाबरोबर घटली नव्हती. आयुष्य थोडे उरले आहे हे कळल्यावर माणूस नको ती भांडणे सोडतो व जवळच्या माणसांत रमतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, हे ध्यानात ठेवावे. मन समजूतदार झाले तरी औषधाला पैसे नसणे, जोडीदार जाणे, घरात कोणी न बोलणे यांचे दुःख त्याने नाहीसे होत नाही. एखादे वृद्ध माणूस आठवडेच्या आठवडे खिन्न राहत असेल, जेवत-झोपत नसेल, तर 'वयच झाले' असे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

मृत्यूच्या दुःखाविषयी किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मृत बाळ कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे त्यांनी तिला सांगितले. ती दारोदार फिरली. मोहरी सर्वत्र होती, पण तसे घर मिळाले नाही. या कथेकडे आम्ही आता थोडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. तथागतांनी तिला 'रडू नकोस' असे सांगितले नाही. तिला लोकांकडे पाठवले. प्रत्येक दारात तिला आपल्यासारखेच दुःख भोगलेले माणूस भेटले असले पाहिजे. दुःख एकट्याचे राहिले नाही, तेव्हाच तिला बाळाला खाली ठेवता आले.

'भावना' या शब्दाचा धम्मातील अर्थ

मराठीत भावना म्हणजे मनात उठणारा भाव. पाली भाषेत मात्र 'भावना' म्हणजे वाढवणे, विकसित करणे. म्हणूनच आपण 'मैत्री भावना' असे म्हणतो. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चारही गोष्टी सरावाने वाढवायच्या आहेत. येथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर मनाचा समतोल. धम्म म्हणजे भावना मारून टाकणे असा काहींचा गैरसमज आहे. आई-बाळाच्या मायेचा बंध आणि सोडावयाची तृष्णा या दोन गोष्टी एक नाहीत. धम्म भावनांची मशागत करावयास सांगतो. भीती शिकवता येते व घालवताही येते असे जे प्रयोगांत दिसले, त्याच्याशी हे जुळते.

आपण काय करावे?

१) मुलाला भीती घालून काम करून घेऊ नये. शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरासाठीही तोच नियम पाळावा.

२) मुलाला भावनेचे नाव सांगावे. "तुला राग आला आहे", "तुला वाईट वाटले आहे" असे शब्द मिळाले की मूल हातपाय आपटण्याऐवजी बोलू लागते.

३) भावना नाकारू नये, वागण्याला मर्यादा घालावी. "राग आला ते समजले, पण बहिणीला मारायचे नाही."

४) उपदेशापूर्वी ऐकावे. समोरच्याला नेमके काय दुखते आहे हे विचारल्याशिवाय औषध देऊ नये.

५) घरातील वृद्धांकडे दिवसातून एकदा तरी कामाशिवाय बसावे.

आरंभी सांगितलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगणे आवश्यक आहे. आमच्या उपदेशाने तो बाहेर आला नाही. संस्थेचे एक निवृत्त सभासद एका संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसले. ते स्वतः मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते. त्या दिवसांत आपण ओळखीची माणसे टाळण्यासाठी कसे मागच्या गल्लीने जात होतो, हे त्यांनी त्याला सांगितले. परीक्षेचा विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी दोघे वस्तीतल्या मुख्य रस्त्याने चालत अभ्यासिकेत आले. मुलाची मान तेव्हाही फारशी वर नव्हती, पण तो आला. पुढे पुरवणी परीक्षेलाही बसला. आज तो रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतो, आणि कोणी चुकले की त्याला फळ्यापाशी एकटे उभे करीत नाही, स्वतः शेजारी जाऊन उभा राहतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१) परिपक्वन व अध्ययन यांतील फरक घरातील एक-एक उदाहरण देऊन सांगा.

२) अल्बर्ट व पीटर यांच्यावरील प्रयोगांतून पालकांनी कोणता बोध घ्यावा?

३) लाज व अपराधभाव यांत काय फरक आहे? तुम्हाला लहानपणी ऐकावे लागलेले एखादे वाक्य घ्या व ते कसे बदलता येईल ते लिहा.

४) आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा : तरुणपणी कशाचा राग येत असे आणि आता कशाचा येतो? उत्तर लिहून पुढील वर्गात वाचून दाखवा.